दोन काटक्या

आधार: १ राजे १७:८–१६, २ राजे ४:१–७

सारफथ गावाच्या वेशीपाशी एलीया संदेष्टा पोहोचला तेव्हा त्याच्या दृष्टीस प्रथम काय पडले, हे वाचकांनी हा अध्याय उघडून मुद्दाम पाहावे. पीठ नव्हे आणि तेलही नव्हे. ती दोन्ही घरात होती, मडक्यात व कुपीत. वेशीबाहेर ओणवी होऊन काटक्या वेचणारी एक विधवा त्याला दिसली. पुढे तिने आपली सर्व स्थिती त्याला सांगितली, आणि त्या सांगण्यातही काटक्यांचा हिशेब आहे. दोनच काटक्या मिळाल्या तरी पुरे, तेवढ्यावर शेवटची भाकर भाजावयाची, ती मायलेकरांनी खावयाची आणि मग मरणाची वाट पाहावयाची, असा तिच्या बोलण्याचा भावार्थ होता.

ह्या उताऱ्यावर जी प्रवचने होतात त्यांत मडके व कुपी ह्यांचे वर्णन पुष्कळ असते. पीठ कसे सरले नाही, तेल कसे आटले नाही, हे लहान मुलांसही पाठ असते. काटक्यांविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. तरी चुलीपुढे बसणाऱ्या कोणत्याही बाईस विचारून पाहा. पीठ आहे पण सरपण नाही, तर त्या पिठाचे तिने काय करावे? कोणी म्हणेल की दुष्काळात झाडे वाळतात, तेव्हा वाळक्या काटक्यांस काय तोटा? परंतु वेशीपाशी साऱ्या गावाच्या बाया वेचावयास येत असतील, तर ज्या घरी दुसरा हात नाही, पाण्याला जाणारी निराळी व जळणाला जाणारी निराळी अशी वाटणी करता येत नाही, त्या घरची एकटी बाई तेथे सर्वांच्या मागून येणार, आणि मागून येणारीस दोन काटक्याच उरणार.

प्रिय बंधुभगिनींनो, आज आम्ही ह्या दोन काटक्यांविषयीच लिहिणार आहोत. अन्नाचे दारिद्र्य सर्वांस कळते, वस्त्राचे तर रस्त्यावरूनच दिसते. जळणाचे व दिव्याचे दारिद्र्य मात्र चार भिंतींच्या आड राहते. शेजारीण अर्धी भाकर देते, जुने लुगडे देते. पण 'आज माझी चूल पेटली नाही' असे शेजारणीस सांगावयास बाईची जीभ रेटत नाही.

कल्याणहून दुर्गाडी किल्ल्याजवळच्या पुलाने खाडी ओलांडली की भिवंडीच्या वाटेवर कोन गाव लागते. शेती, खाडी व मासळी ह्यांवर जगणारा हा मुलूख आता यंत्रमाग, कापडाची रंगाई-धुलाई करणारे कारखाने आणि मोठमोठी गोदामे ह्यांनी वेढला आहे. रात्री भिवंडीच्या बाजूस पाहिले तर मागांच्या शेडांतून दिवे जळत असतात आणि खडखडाट थांबत नाही. विजेची वाण ह्या मुलखाला आहे असे पाहुण्यास मुळीच वाटणार नाही. परंतु त्याच तारांखाली भाड्याच्या एका खोलीत राहणारी एखादी बहीण आपण डोळ्यांपुढे आणू. तिचे नाव नको, कारण अशा पुष्कळ आहेत. कोणीचा नवरा वारला, कोणीचा टाकून गेला, कोणी लग्नावाचून राहिली आणि मागे आईबापही गेले. ती कुठे कांड्या भरते, कुठे गोदामात माल बांधते, कुठे चार घरची धुणीभांडी करते. २०११ च्या खानेसुमारीत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि मोठ्या वयाच्या अविवाहित मिळून आपल्या देशात अशा एकट्या स्त्रिया सुमारे ७ कोटी १४ लक्ष भरल्या होत्या.

खाडीकाठच्या गावांतून पूर्वी तिवरांचे लाकूड जळणास आणीत. तिवरे लाटांचा जोर मोडतात व मासळीच्या पिलांना आसरा देतात, म्हणून त्यांची तोड थांबविण्याचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दिला आणि २०१८ साली तो कायम केला. निकाल योग्यच झाला असे आमचे मत आहे. तिवरे गेली तर खाडीही जाईल. पण जी बाई तेथून मोळी आणीत असे तिला त्या दिवसापासून वखारीचा रस्ता धरावा लागला. वखारीत पैसा पडतो. पैसा नसेल तर गोदामांच्या मागे टाकलेल्या खोक्यांच्या फळ्या, रंग लावलेली लाकडे, चिंध्या, प्रसंगी प्लास्टिकसुद्धा चुलीत जाते, आणि त्याचा धूर बंद खोलीत कोंडतो. यरुशलेमेच्या नाशानंतर यिर्मयाच्या विलापात एक दुःख असे सांगितले आहे की आपले स्वतःचे पाणी व आपलेच लाकूड लोकांना दाम मोजून घ्यावे लागत होते (विलापगीत ५:४). तो अध्याय वाचताना पुष्कळांना हे दुःख इतर संकटांच्या मानाने हलके वाटते. वखारीतून दहा-वीस रुपयांचे लाकूड पदरात घेऊन येणारीस ते तसे वाटणार नाही.

धुराविषयी फार लिहीत नाही, कारण घरोघरच्या आजीबाईंच्या डोळ्यांकडे पाहिले म्हणजे पुरे. १९८० नंतरच्या काही वर्षांत कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेतील खेड्यांत चुलीपुढच्या बायांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले, आणि तेव्हापासून जगाचे लक्ष ह्या गोष्टीकडे वळू लागले. घरातील धुरामुळे जगभर एका वर्षात सुमारे ३२ लक्ष माणसे अकाली मरतात, असा २०२० सालापुरता जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे.

कोणी वाचक येथे थांबवून म्हणेल, "महाराज, हे जुने झाले. सरकारने गॅस दिला, घरोघर वीज दिली." हे खरे आहे आणि कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. तीत गरीब घरातील स्त्रीच्या नावे अनामत रकमेवाचून गॅसची जोडणी देण्याचे ठरले, आणि २०१९ च्या सप्टेंबरात औरंगाबाद येथे झालेल्या समारंभात आठ कोटींवी जोडणी एका स्त्रीच्या हाती देण्यात आली. देशातील प्रत्येक खेड्यात वीज पोहोचल्याची घोषणा २८ एप्रिल २०१८ रोजी झाली. ही थोडी कामे नव्हेत. आपल्या आज्यांनी चिमणीच्या उजेडात भाकरी थापल्या. त्यांना हे सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

परंतु शेगडी घरात येणे ही एक गोष्ट आणि ती रोज पेटणे ही दुसरी. मडके मिळाले म्हणजे पीठ मिळाले असे नव्हे.

हा हिशेब आपण नीट मांडू, कारण आमच्या मते सारे कोडे ह्यातच आहे. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर मुंबईत १४.२ किलोची टाकी ८५२ रुपये ५० पैशांस पडू लागली. निराधार स्त्रियांसाठी संजय गांधी निराधार योजना १९८० साली निघाली. तिचे अनुदान २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाले. ज्या बहिणीचा मुख्य आधार ते अनुदान आहे, तिला एक टाकी दोन महिने पुरली असे धरले, तरी महिन्यास सव्वाचारशे रुपये नुसत्या शिजविण्यास गेले. म्हणजे अनुदानाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. इंग्लंडात ब्रेंडा बोर्डमन ह्या विदुषीने १९९१ साली एक माप सुचविले होते. ज्या घरास पुरेशी ऊब, उजेड व जळण मिळविण्यासाठी उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खर्च करावा लागेल ते घर जळणाच्या बाबतीत दरिद्री समजावे, असे ते माप. दहावा हिस्सा! आपल्या मंडळ्यांना दशांश हा शब्द फार परिचयाचा आहे. प्रभूच्या भांडारात दशांश आणावा म्हणून आपण उपदेश करतो, आणि त्याच बाकावर बसलेली एखादी विधवा दोन दशांशांहून अधिक अगोदरच चुलीला वाहून आलेली असते.

पण त्याहून मोठी अडचण रकमेची नसून रक्कम एकदम लागण्याची आहे. टाकी दोन महिने पुरते हे खरे, पण तिचे पैसे एका दिवशी, एका हाताने मोजावे लागतात. रोजाने कमावणाऱ्या बाईच्या हाती आठशे-नऊशे रुपये एकत्र कधी असतात? वीस रुपये असतात, चाळीस असतात. वीस रुपयांचा गॅस कोणी देत नाही. वीस रुपयांचे लाकूड वखारवाला देतो. म्हणून ती लाकूड घेते, आणि वर्षाअखेर तिच्या लाकडाचा जमाखर्च मांडला तर कित्येकदा गॅसहून ते महाग पडलेले असते. गरिबाला सर्व वस्तू महाग पडतात त्याचे कारण हेच; त्याला त्या चिमटीचिमटीने घ्याव्या लागतात. जिच्या घरी दोघे कमावतात तेथे एकाच्या पगारातून टाकी येते व दुसऱ्याच्या पगारातून किराणा येतो. एकटीच्या घरी एकच पगार, आणि तो भाड्यापाशी संपतो.

सरकारी सवलतीलाही हीच खोच आहे. उज्ज्वलेच्या ग्राहकांस टाकीमागे सूट मिळते. २०२३ च्या ऑक्टोबरात ती ३०० रुपये झाली. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने अन्नपूर्णा योजनेखाली वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याचे जाहीर केले. दोन्ही उपकार मोठे आहेत. तथापि दोहोंतही टाकीचे पैसे आधी भरावयाचे आणि सवलत मागाहून बँकेच्या खात्यात यावयाची, असा क्रम ठेवलेला आहे. ज्याच्यापाशी आधी भरण्यास पैसे आहेत त्याला हा क्रम कळतही नाही. ज्याच्यापाशी नाहीत त्याच्या बाबतीत 'मोफत' हा शब्द दाराबाहेरच राहतो.

आता कागदांविषयी. अन्नपूर्णेसाठी गॅसची जोडणी स्त्रीच्या स्वतःच्या नावे असली पाहिजे, असा नियम झाला. हेतू चांगला, पण पुष्कळ विधवांच्या घरी जोडणी मेलेल्या नवऱ्याच्या नावे, आणि नाव बदलावयास मृत्यूचा दाखला, तो गावी, गाव दूर. उज्ज्वलेत एका कुटुंबाला एकच जोडणी, आणि कुटुंब कोणते हे शिधापत्रिकेवरून ठरते. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव अजून सासूच्या शिधापत्रिकेवर असते. तेथे गॅस आहे, म्हणून कागदावर तिलाही गॅस आहे! ती मात्र तीन वर्षे त्या उंबऱ्याच्या आत गेलेली नसते. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची पडताळणी सुरू झाली तेव्हा यंत्राने बायकांकडे नवऱ्याचा अथवा बापाचा आधार क्रमांक मागितला. ज्यांना दोघेही नाहीत त्यांनी काय करावे असा प्रश्न निघाला, आणि मग अशा बहिणींनी अंगणवाडी सेविकेकडे दाखले द्यावेत अशी सोय सरकारला मागाहून करावी लागली. आम्ही हे सरकारला दोष देण्यास लिहीत नाही. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेहमी घर असते, आणि घर म्हटले की त्यात एक पुरुष गृहीत धरलेला असतो, एवढेच दाखवावयाचे आहे.

विजेचेही असेच. चाळीत मालकाचे एकच मीटर, त्यावर सहा-सात खोल्या, आणि प्रत्येक खोलीकडून मालक ठरवील तो दर. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर पायरीपायरीने चढतो. पहिल्या १०० युनिटांस तो सर्वांत कमी, त्यापुढे ३०० पर्यंत अधिक, आणि असेच पुढे. जिच्या घरी एक दिवा व एक पंखा आहे तिचे महिन्याचे युनिट पहिल्या पायरीतच संपावयाचे. परंतु साऱ्या खोल्यांचे युनिट एका मीटरवर पडले की ती पायरी पहिल्याच आठवड्यात ओलांडली जाते, आणि एका दिव्याची धनीण वरच्या पायरीचा दर भरते. स्वतःचे मीटर असले तरी स्थिर आकार आहेच. महिनाभर दिवा न लावता बसली तरी तो चुकत नाही.

येथे उपदेशकांनी व बायबल बायांनी कायद्यातील दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. २००३ च्या वीज कायद्यातील कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा भोगवटादार, ह्यांपैकी कोणीही वीज मागू शकतो. भोगवटादार म्हणजे त्या जागेत प्रत्यक्ष राहणारा. म्हणजे खोली भाड्याची आहे, घर सासऱ्याच्या नावे आहे, एवढ्यानेच एकट्या स्त्रीचा अर्ज बाद होत नाही. आपण तेथे राहतो ह्याचा पुरावा मात्र तिने दिला पाहिजे. कलम ५६ प्रमाणे बिल थकले म्हणून वीज तोडावयाची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाविषयी तंटा असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, ह्यांपैकी जी कमी असेल ती तक्रार नोंदवून भरली असता निकाल होईपर्यंत वीज तोडता येत नाही. तक्रारीसाठी ग्राहक गाऱ्हाणे मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल, अशी व्यवस्था त्याच कायद्यात आहे. भिवंडीतील वीज वाटण्याचे व बिल वसूल करण्याचे काम २६ जानेवारी २००७ रोजी महावितरणने टोरेंट पॉवर कंपनीकडे सोपविले. तेव्हा त्या भागातील अर्ज कोठे द्यावयाचा हे बिलाच्या माथ्यावर पाहून घ्यावे, म्हणजे एकाच दिवशी दोन कचेऱ्यांचे हेलपाटे पडणार नाहीत. रोजगारावरील बाईचा एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला.

तसेच दूरच्या जिल्ह्यांतून भिवंडीस आलेल्या बायांना हे कळवावे की २०२१ च्या ऑगस्टात उज्ज्वलेचा दुसरा टप्पा निघाला, त्यात स्थलांतरित कुटुंबांकडून राहत्या जागेच्या पुराव्याऐवजी स्वतःचे घोषणापत्र घेण्याची सोय करण्यात आली. ५ किलोची लहान टाकीही उज्ज्वलेत मागता येते. एकटीला ती सोयीची. पैसे थोडे लागतात आणि उचलावयासही हलकी.

आता दुसरा उतारा. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे ओरडत आली. सावकार दारात उभा, तिचे दोन मुलगे गुलाम करून नेण्यास आलेला. आपल्या मुलखात सावकार मुलांना उघड नेत नाही, पण जळण वेचावयास किंवा धाकट्यांना सांभाळावयास मुलगी शाळेतून काढली जाते, हा त्याचाच एक प्रकार आहे. अलीशाने तिला काय विचारले? तुझ्या घरात काय आहे, असे विचारले. तिच्याकडे थोडे तेल होते. मग त्याने तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगितले, आणि ती थोडी आणू नको असेही बजावले.

ह्यात आम्हांला दोन गोष्टी दिसतात. तेल तिचे होते; शेजाऱ्यांनी तेल दिले नाही, भांडी दिली. आणि भांडी जितकी मिळाली तितकेच तेल वाहिले. भांडी संपली तेव्हा धार थांबली. देवाच्या दानाला त्या गावात शेजाऱ्यांच्या भांड्यांची मर्यादा पडली, हे वाचताना अंगावर काटा येतो. रिकामे भांडे देण्यास कोणाचे काय जाते? पण एखाद्या शेजारणीने 'विधवेच्या घरी माझे भांडे नको' म्हणून दार लावले असेल तर तेवढे तेल त्या गावात आलेच नाही.

आपल्या मंडळीने भांडी द्यावी म्हणजे काय करावे? प्रथम आम्हांस वाटते ते असे, की एकदम लागणाऱ्या रकमेची सोय करावी. मिझोरममधील मंडळ्यांत स्त्रिया दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूस काढतात, आणि त्या मुठींवर तेथील मंडळ्यांची मोठमोठी कामे उभी राहिली आहेत. आपल्याकडेही कित्येक खेड्यांत धान्याची मूठ काढण्याची चाल आहे. तसाच एक डबा सरपणाचा असावा. दर घराने आठवड्यास जे जमेल ते त्यात टाकावे. टाकी भरण्याच्या दिवशी एकट्या बहिणीला त्यातून पूर्ण रक्कम द्यावी, आणि तिने ती वीस-वीस, तीस-तीस करून दोन महिन्यांत परत टाकावी. सवलतीचे पैसे खात्यात आले की तेही त्यात जमा करावे. हे दान नव्हे. ह्याला व्याज नाही आणि ह्याची वाच्यताही उपासनेत करू नये. जी वखारीला वीस रुपये देत होती ती डब्याला देईल. नीट चालविले तर असा डबा रिता होत नाही. एकाच रकमेतून वर्षात पाच-सहा टाक्या फिरतात.

डबा कोणाच्या हाती असावा हा प्रश्न नाजूक आहे. प्रेषितांच्या काळी यरुशलेमेत रोजच्या वाटपात परभाषिक विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर निघाली (प्रेषितांची कृत्ये ६:१–६), तेव्हा प्रेषितांनी त्या बायांना धीर धरा म्हणून उपदेश केला नाही. त्यांनी चांगल्या नावाची सात माणसे नेमली. मंडळीतील ही नेमणूक अशा रीतीने विधवांच्या यादीवरून झाली. ती नेमणूक आपल्या गावी करताना दोन तरी स्त्रिया असाव्या, आणि त्यांतील एक स्वतः एकटी असावी. जिने चूल पेटवावयाची चिंता केली आहे तिला कोणाच्या घरी काय विचारावे आणि काय विचारू नये हे कळते. शिवाय कचेरीत तिच्याबरोबर जावयाचे तर उपदेशकाने एकट्याने कधी जाऊ नये. बायबल बाईस किंवा मंडळीतील वडील स्त्रीस घ्यावे. गावाची तोंडे आपण बंद करू शकत नाही, आणि एका अर्जासाठी तिच्या अब्रूवर शिंतोडा उडाला तर पुढच्या वेळी ती अंधारात बसणे पत्करील.

ही मदत आपल्याच मंडळीच्या बायांपुरती ठेवावी काय, असे कोणी विचारील. सारफथ इस्राएलात नव्हते. ती विधवा सीदोनाच्या मुलखातील, परक्या देवांच्या गावची होती, आणि प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात नेमके हेच बोलून दाखविले तेव्हा लोक इतके रागावले की त्याला कड्यावरून लोटावयास निघाले (लूक ४:२५–२९). कोन-भिवंडीच्या चाळींत आपली खोली व शेजारच्या मुसलमान भगिनीची खोली ह्यांमध्ये एक पत्रा असतो. तिचा धूर आपल्या घरात येतो. ह्याहून अधिक उत्तर देण्याची आम्हांस गरज दिसत नाही.

स्त्रियांना कामाशी जोडण्याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. पंडिता रमाबाई स्वतः विधवा, पदरी एक लहान मुलगी. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावी मुक्ती सदनात निराधार स्त्रियांना आश्रयाबरोबर कामही शिकविले. आपल्या काळात १९९३ च्या लातूरच्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन ह्यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने मराठवाड्यातील स्त्रियांना बांधकामावर देखरेख करण्यास शिकविले, आणि पुढे त्याच भागातील स्त्रिया धूर कमी करणाऱ्या चुली व सूर्यशक्तीचे दिवे विकू लागल्या. करोनाच्या साथीत ज्यांचे पती गेले त्यांच्यासाठी २०२१ साली हेरंब कुलकर्णी ह्यांच्या पुढाकाराने पुनर्वसन समिती निघाली. तिने तालुक्यातालुक्यांत कार्यकर्ते उभे केले, आणि त्यांतले पुष्कळसे काम अर्ज भरण्याचे व पाठपुरावा करण्याचे होते. अर्ज भरणे हे पुण्यकर्म आहे असे व्यासपीठावरून कोणी सांगत नाही.

जळण वाचविण्याची एक जुनी युक्ती येथे देऊन ठेवतो. लाकडी खोक्यात वाळके गवत किंवा जुन्या कापडाच्या चिंध्या दाबून भराव्या आणि मध्ये भांडे बसेल एवढा खळगा ठेवावा. डाळ-तांदूळ झाकण घालून चुलीवर चांगले उकळू द्यावे, मग ते भांडे तसेच खोक्यात ठेवून वर चिंध्यांची जाड गादी घालून घट्ट झाकावे. आतल्या उष्णतेवर भात अर्ध्या-पाऊण तासात तयार होतो. डाळीस अधिक वेळ लागतो, पण जळण लागत नाही. सकाळी कामावर निघताना ठेवावे. चिंध्यांचा तोटा भिवंडीत नाहीच.

पौलाने तीमथ्याला विधवांची यादी ठेवण्याविषयी लिहिले तेव्हा साठ वर्षांची अट घातली होती. लाडकी बहीण योजनेने एकवीस ते पासष्ट अशी ठेवली. तीत न बसणाऱ्या वृद्धांस श्रावणबाळ योजनेकडे जावे लागते. आपल्या वहीत वयाची अट नसावी. उपदेशकांनी प्रत्येक गावासाठी एक साधी वही करावी. तीत प्रत्येक एकट्या बहिणीच्या नावापुढे गॅस कोणाच्या नावे, मीटर कोणाच्या नावे, शिधापत्रिका कोणत्या घरात, आणि मागली टाकी कधी भरली, एवढे लिहावे. ही वही कुलपात ठेवावी, भिंतीवर तिचे काही लावू नये. पावसाळ्यापूर्वी ती एकदा पुरी करावी, कारण जून लागला की सरपण ओले होते, वखारीचा भाव चढतो, आणि ज्या घरी टाकी रिकामी आहे तेथे त्या दिवसांत चूल धुमसत राहते.